'१९९१ नंतर' हे दोन शब्द आणि नवी मुंबई

नवी मुंबईवरचं कुठलंही रिसर्च प्रपोजल उघडा, पहिल्या पानावर एक वाक्य हमखास भेटतं : "१९९१च्या आर्थिक उदारीकरणानंतर नवी मुंबईचा चेहरामोहरा बदलला." माझ्या सिनॉप्सिसमध्येही ते होतं. लिहिताना जराही शंका आली नव्हती. गाईडनी मात्र तिथेच बोट ठेवलं आणि विचारलं, "१९९१ साली सिडकोच्या ऑफिसात, कुठल्या टेबलावर, नेमकं काय बदललं तेवढं सांग." मी सेझ सांगितलं, आयटी पार्क सांगितले. "ते नंतरचं झालं. त्या वर्षी काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधण्यात पुढचे कित्येक महिने गेले.

ही पोस्ट त्या वाक्यावरची टीका आहे, आणि ते वाक्य ज्या चौकटीवर उभं असतं तिच्यावरचीही. तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा पहिलं प्रपोजल लिहीत असाल, तर शहर कुठलंही असो, हा पेच तुमच्या वाट्याला येणारच आहे.

आधी चौकट समजून घेऊ. १९८९ नंतर पूर्व युरोपातल्या राजवटी कोसळल्या आणि प्राग, बुडापेस्ट, सोफिया, मॉस्को ही शहरं संशोधकांसाठी जणू प्रयोगशाळाच झाली. चाळीस-सत्तर वर्षं जिथे जमिनीला भाव नव्हता, घर सरकार वाटायचं, कारखाना कुठे बसवायचा हे राजधानीतला नियोजन विभाग ठरवायचा, तिथे अचानक बाजार आला. मग शहर कसं बदलतं? या प्रश्नावर भरपूर लिहिलं गेलं. त्यातला आमच्याकडे सगळ्यात जास्त उद्धृत होणारा पेपर म्हणजे लुद्येक सीकोरा आणि स्टेफान बुझारोव्स्की यांचा, २०१२ साली 'अर्बन स्टडीज'मध्ये आलेला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : बदल एकाच गतीने होत नाही. कायदे, मालकी, सरकारी यंत्रणा या संस्थात्मक गोष्टी पटकन बदलतात. लोकांचे आणि कंपन्यांचे व्यवहार त्यानंतर बदलतात, त्याला जास्त वेळ लागतो. आणि शहराचा प्रत्यक्ष नकाशा, म्हणजे इमारती, वस्त्या, मोकळ्या जागा, हे सगळ्यात शेवटी. म्हणून संस्था बदलून झाल्या तरी शहर बराच काळ 'संक्रमणात' असतं.

पेपर खरंच चांगला आहे. 'बाजार आला आणि शहर बदललं' इतक्या ढोबळ वाक्याचे त्याने तीन थर करून दाखवले. शिकवायला सोपा, वापरायला सोपा. इतका सोपा की आपण तो उचलतो आणि १९८९ खोडून १९९१ लिहितो.

याच विषयावरचं दुसरं एक वाचन सुचवते : ॲलन बर्तो आणि बर्ट्रांड रेनो यांचा १९९७चा पेपर, जमीनबाजार नसलेल्या समाजवादी शहरांवरचा. मॉस्कोत मध्यापासून जसजसं बाहेर जावं तसतशी लोकवस्तीची घनता वाढत जाते, असं त्यांनी दाखवलं. आपल्याकडच्या शहरांत, जगात बहुतेक ठिकाणी, उलटं असतं. कारण सरळ आहे. मध्यातल्या जमिनीला किंमतच नसेल तर जुना कारखाना तिथून हलवण्याची कुणाला गरज वाटणार? नवी घरं मग लांब लांब, मोठमोठ्या ठोकळ्यांत बांधली जातात. 'जमिनीला भाव नसणं' म्हणजे काय, हे त्यांच्या आलेखावर डोळ्यांनी दिसतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता नवी मुंबई. वरवर पाहिलं तर ही चौकट आपल्या शहराला चपखल बसते. नियोजन आयोग १९५० सालचा, परमिट-लायसनचा काळ, नागरी कमाल जमीन धारणा कायदा १९७६चा. आणि त्या काळात राज्य सरकार खाडीपलीकडची ९५ गावांची सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन नियोजित शहरासाठी अधिसूचित करतं, तिथल्या शेतकऱ्यांच्या आणि मिठागरांच्या जमिनी संपादन करायला घेतं, २० लाख लोकांसाठी आराखडा काढतं. याहून नियोजित काय असणार? मग १९९१ येतं, बिल्डर येतात, मॉल येतात, पाम बीच रोडला टॉवर उभे राहतात. 'नियोजनोत्तर शहर' झालं तयार.

पण सिडकोची जन्मपत्रिका जरा नीट वाचा. १७ मार्च १९७०. कंपनी कायदा १९५६खाली नोंदलेली कंपनी. सुरुवातीचं भागभांडवल ३.९५ कोटी रुपये, सगळं राज्य सरकारचं. पुढच्या वर्षी तिला नवनगर विकास प्राधिकरणाचा दर्जा मिळाला. म्हणजे शहर वसवण्याचं काम नगररचना खात्याकडे किंवा मंत्रालयातल्या एखाद्या विभागाकडे न देता कंपनीकडे दिलं गेलं. चार कोटींच्या आतल्या भांडवलात शहर होत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. हिशेब असा होता की जमीन घ्यायची, रस्ते-पाणी-गटारं घालून तिची किंमत वाढवायची, विकायची, आणि आलेल्या पैशातून पुढची जमीन तयार करायची. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली 'मार्ग' नियतकालिकात जो प्रस्ताव मांडला, त्याच्या मुळाशीही हेच होतं : शहर वाढल्यामुळे जमिनीची जी किंमत वाढते ती सार्वजनिक हातात ठेवा आणि त्यातून शहर बांधा.

मॉस्कोशी तुलना करा. तिथे जमिनीला भाव नव्हता. इथे पहिल्या दिवसापासून भाव हेच शहराचं इंजिन होतं. विकणारा तेवढा एकच होता. गरिबांच्या घरांसाठी मूळ दरापेक्षा कमी, मध्यमवर्गाला त्याहून जास्त, दुकान-ऑफिसला कितीतरी पट जास्त, असं दरपत्रक ठरायचं. एकाच्या खिशातून दुसऱ्याला सवलत. जमीनही विकायची म्हणजे ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायची. मालकी सिडकोकडेच. वाशीत फ्लॅट घेतलेल्या कुणालाही विचारा, घर विकायचं म्हटलं की हस्तांतरण शुल्काची पावती फाडल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. याला केंद्रीय नियोजन म्हणायचं की जमिनीचा मक्तेदार व्यापारी? माझं उत्तर : दोन्ही, एकाच वेळी, एकाच ऑफिसात.

रेल्वेचं उदाहरण तर मला फार आवडतं. मानखुर्दहून खाडी ओलांडून येणाऱ्या लोकलचा खर्च रेल्वेने एकटीने केला नाही. सिडकोचे ६७ टक्के, रेल्वेचे ३३. आणि सिडकोने आपला वाटा वसूल करायला स्टेशनांवरच ऑफिसं-दुकानं बांधली. वाशी आणि बेलापूर स्टेशनात उतरून मान वर केली की ते दिसतं. 'रेल्वे अधिक रिअल इस्टेट' हे मॉडेल उदारीकरणाचं अपत्य म्हणून सांगितलं जातं, पण त्याची आखणी ऐंशीच्या दशकातली आहे, आणि ती करणारी कंपनी सरकारी.

दुसरी अडचण तारखेची. आणि ही निव्वळ पद्धतीची आहे, त्यामुळे ज्यांना सिद्धान्तात रस नाही त्यांनीही वाचावी. समजा तुम्ही वाशीतल्या घरांच्या नोंदणीचे आकडे घेतले, '१९९१ आधी' आणि 'नंतर' असे स्तंभ काढले, फरक दाखवला. छान. पण २४ जुलै १९९१ला मनमोहन सिंगांनी अर्थसंकल्प मांडला, १ जानेवारी १९९२ला नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली, आणि मे १९९२मध्ये वाशीपर्यंत पहिली लोकल धावली. तिन्ही गोष्टी वर्षभराच्या आत. १९७३चा खाडीपूल होता खरा, पण बसने येणं आणि लोकलने येणं यात मुंबईकराच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक आहे. मग तुमच्या आलेखातली उडी कशाची? दिल्लीतल्या बजेटची, की चर्चगेट-सीएसटीला ऑफिस असणाऱ्याला पहिल्यांदाच वाशीत राहणं शक्य झालं त्याची? आकड्यांतून हे वेगळं काढायचं तर रेल्वे उशिरा पोचलेले नोड शेजारी ठेवावे लागतील. उलव्याजवळ खारकोपरपर्यंत गाडी आली ती थेट २०१८मध्ये, उरणला जानेवारी २०२४मध्ये. उदारीकरण सगळ्या नोडना एकाच दिवशी लागू झालं, लोकल नाही. इतकी चांगली तुलना हाताशी असताना '१९९१ नंतर' लिहून मोकळं होणं म्हणजे आळस आहे. माझाही होता.

तिसरी गोष्ट : नियोजनाचा हुकूम खरंच किती चालत होता? कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार १९८१मध्ये वाशीला आणला. मग मसाला, धान्य, फळं, भाजी असं नव्वदच्या दशकापर्यंत एकेक मार्केट मुंबईतून उचलून आणलं. व्यापारी कुरकुरले, पण आले. मंत्रालय मात्र आलं नाही. मूळ कल्पनेत सरकारनेच आधी खाडीपलीकडे यावं, म्हणजे बाकीचे मागोमाग येतील, असं होतं. सरकारने त्याच काळात नरिमन पॉइंटला भराव घालून ऑफिसांची गर्दी दक्षिणेलाच वाढू दिली. मसाल्याच्या दुकानदाराला हलवू शकणारं सरकार स्वतःला हलवू शकलं नाही. बेलापूरचा 'सीबीडी' बरीच वर्षं नावापुरताच मध्यवर्ती राहिला त्याचं मोठं कारण हे आहे. म्हणून '१९९१नंतर नियोजन ढासळलं' असं लिहिण्याआधी, ते १९७१मध्ये किती उभं होतं हे दाखवावं लागतं.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी ही पोस्ट लिहितेय. या शहराच्या जमिनीच्या इतिहासातली सगळ्यात मोठी संस्थात्मक घटना माझ्या मते १९९१ची नाहीच. ती मार्च १९९०ची आहे, आणि तिची मुळं १९८४मध्ये आहेत.

जमीन घेतली ती १८९४च्या भूसंपादन कायद्याने. त्या कायद्यातच 'बाजारभाव' हा शब्द आहे, पण बाजारभाव कुठल्या दिवशीचा? कलम ४ची अधिसूचना निघाली त्या दिवशीचा. इथे ती १९७० साली निघाली. निवाडा दहा वर्षांनी झाला तरी भाव १९७०चाच. दरम्यान शेजारच्या सेक्टरमधला तयार प्लॉट सिडको आजच्या दराने विकतेय. म्हणजे विकत घेताना गोठलेला भाव आणि विकताना धावता भाव. शहराचे रस्ते, नाले, स्टेशनं ज्या पैशातून झाली तो पैसा बऱ्याच अंशी या दोन भावांमधल्या फरकातून आलाय. १९८४ साली केंद्राने कायद्यात दुरुस्ती करून निवाड्याला दोन वर्षांची मुदत घातली. जुन्या प्रकरणांचे निवाडे सप्टेंबर १९८६च्या आत करणं भाग पडलं. अधिसूचनेपासून दरसाल १२ टक्क्यांची भरही दिली. पण मूळ तारीख तीच राहिली.

आगरी, कोळी, कराडी शेतकऱ्यांना हा हिशेब समजायला अर्थशास्त्राची पदवी लागली नाही. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली १६ आणि १७ जानेवारी १९८४ला उरण तालुक्यात जे आंदोलन झालं, त्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मारले गेले. दास्तान फाट्यावरून जाताना हे आठवावं. त्या लढ्याची मागणी नुसत्या जास्त मोबदल्याची नव्हती. आमच्या जमिनीची किंमत तुम्ही वाढवून विकताय, तर त्या वाढीत आमचा हिस्सा, असं ते म्हणणं होतं. त्यातूनच 'साडेबारा टक्के' आलं. १९९०चा शासन निर्णय, मग १९९४चा सुधारित. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ जमीनमालकाला परत. त्यातूनही सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के कापून हातात पडतात पावणेनऊ.

इथे प्रागची आठवण येते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला चेक सरकारने राष्ट्रीयीकरण केलेल्या इमारती मूळ मालकांना किंवा त्यांच्या वारसांना परत केल्या. आजोबांचं घर नातवाला, तेच घर, त्याच गल्लीत. आमच्या सेमिनारमध्ये एकदा चर्चा निघाली की साडेबारा टक्के ही भारतातली तशीच परतफेड आहे. मला हे पटत नाही. प्रागमध्ये परत मिळालं ते नियोजनाआधीचं जग. इथे शेत परत मिळत नाही. दुसरीकडे कुठेतरी, नोडच्या आराखड्यात बसणारा, सिडकोने आखलेला प्लॉट मिळतो. तोही भाडेपट्ट्यानेच. जवळची तुलना करायचीच तर हंगेरीशी करा. तिथे १९९१च्या कायद्याने जुन्या मालकांना नुकसानभरपाईची व्हाउचरं दिली. ती वापरून लिलावात जमीन घेता यायची किंवा ती विकता यायची. पुष्कळांनी ती दर्शनी किमतीहून कमीत विकून टाकली. साडेबारा टक्क्यांचं तसंच झालं. पात्रता मिळायला वर्षं, लॉटरीला वर्षं, सातबारावर भाऊ-बहिणी-पुतणे धरून वीस नावं, आणि वाट्याला येणार शंभर-दोनशे मीटरचा तुकडा. मग बिल्डर दारात येतो. वाटपपत्र हातात पडायच्या आधीच सौदा झालेला असतो. नंतर सिडको, भूधारक आणि बिल्डर यांच्यात 'त्रिपक्षीय करार' होतो. कामोठे, उलवे, खारघरच्या कित्येक सेक्टरांमध्ये दाटीवाटीने उभ्या असलेल्या छोट्या प्लॉटवरच्या इमारती दिसतात ना, त्यातल्या पुष्कळ या करारांतून आल्यात.

आता सीकोरा-बुझारोव्स्कींचे तीन थर परत काढा. संस्था आधी, व्यवहार नंतर, नकाशा शेवटी, असा त्यांचा क्रम. इथे काय दिसतं? व्यवहार आधी झाला (हक्काची विक्री), कागद मागून आला (त्रिपक्षीय करार), आणि इमारत कधीकधी दोघांच्याही आधी. गावठाणात जा. कुटुंब वाढलं, घर पुरेना, शासनाने गावठाणाची हद्द काही वाढवली नाही, म्हणून लोकांनी शेजारच्या संपादित जमिनीवर बांधलं. या घरांना इथे सगळे 'गरजेपोटी बांधलेली घरं' म्हणतात. हा शब्द मोर्च्यांतून सरकारी कागदात गेला, हे विशेष. ती नियमित करायला शासनाने वेळोवेळी निर्णय काढले. म्हणजे नकाशा आधी बदलला, संस्था त्याच्या मागे धावल्या. मध्य युरोपात संस्था पटकन बदलल्या कारण तिथे एका राजवटीने जाऊन दुसरीला जागा दिली. इथे राजवट तीच, कंपनी तीच, दर ठरवणारं टेबल तेच. त्यामुळे पहिला थर पूर्ण झाल्याची तारीख काढताच येत नाही, आणि त्या तारखेशिवाय त्यांचं मॉडेल सुरूच होत नाही. मार्टिन म्युलर यांनी २०१९च्या लेखात 'उत्तर-समाजवाद' या संकल्पनेलाच निरोप द्या म्हटलंय. त्यांची एक तक्रार हीच : ही संकल्पना तुटण्यावर भर देते, चालू राहिलेलं झाकते. ते सोविएत जगाबद्दल बोलत होते. आपल्याकडे तर तुटण्याची जागाच सापडत नाही.

आपल्या शहरावरच्या लिखाणाकडे येऊ. अन्नपूर्णा शॉ यांचं 'द मेकिंग ऑफ नवी मुंबई' (२००४) न वाचता या विषयात पाऊल टाकू नका. आराखड्यातली उद्दिष्टं आणि प्रत्यक्ष घडलेलं शहर शेजारी ठेवून वाचायची सवय मला या पुस्तकाने लावली. माझी तक्रार पुस्तकावर नाही, त्याच्या वापरावर आहे. नंतरच्या पुष्कळ प्रबंधांत ही पद्धत एका साच्यात बसली : आराखड्यात अमुक होतं, झालं तमुक, फरक म्हणजे 'अंमलबजावणीतलं अपयश', आणि अपयशाचं कारण उदारीकरण. आराखडा मोजपट्टी झाला की गावं आपोआप 'अडथळा' या प्रकरणात जातात. साडेबारा टक्के ही मग शहर घडवणारी यंत्रणा न राहता पुनर्वसनाच्या परिशिष्टात बसते. ज्या व्यवस्थेतून उलव्याच्या इमारती उभ्या राहिल्या ती परिशिष्टात! हे मला खटकतं.

याच साच्याला चिकटून एक हळवी गोष्टही येते. आधी सिडको गरिबांसाठी घरं बांधायची, नंतर बिल्डरांसाठी प्लॉट काढू लागली. यात तथ्य आहे. बेलापूरचं कोरियांचं आर्टिस्ट्स व्हिलेज पाहिलं, की सरकारी संस्थेने असं काही बांधून घेतलं होतं याचं आजही नवल वाटतं. पण आधीच्या काळाला सरसकट समतेचं प्रशस्तिपत्र देऊ नका. इवान सेलेन्यी यांनी हंगेरीतल्या सरकारी घरवाटपावर संशोधन केलं, त्यांचं पुस्तक १९८३ सालचं. चांगली सरकारी घरं बरी नोकरी, बरं शिक्षण असलेल्यांच्या वाट्याला जास्त येत होती, असं त्यांना दिसलं. म्हणजे विषमता बाजारानेच आणावी लागते असं नाही, वाटप करणारं टेबलही आणतं. आपल्याकडे हा प्रश्न नीट विचारायला हवा : सत्तर-ऐंशीच्या दशकात सिडकोच्या घरांसाठी अर्ज कोण करू शकत होतं? हप्त्यासाठी पगाराची स्लिप लागत असेल, तर मिठागरावरचा मजूर त्या रांगेत उभा तरी राहू शकला असता का?

मग १९९१मुळे काहीच झालं नाही का? झालं. न्हावाशेवा बंदरात १९८९ला सरकारी बंदर सुरू झालं, आणि त्याच बंदरात नव्वदच्या दशकाच्या अखेरीला देशातलं पहिलं खाजगी कंटेनर टर्मिनल. ठाणे-बेलापूर पट्ट्यातली रसायनांची धुरांडी कमी झाली, ऐरोली-घणसोलीला आयटीची काचेची ऑफिसं आली. गृहकर्ज सहज मिळू लागलं, त्यामुळे साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरच्या फ्लॅटला गिऱ्हाईक मिळालं. हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि त्यावर सगळ्यात कमी लिहिलं गेलंय. उलट जी गोष्ट खरोखर नव्या धोरणाची निखळ पैदास होती, ती सेझ, ती इथे फसली. द्रोणागिरी-उलवे-कळंबोलीच्या नवी मुंबई सेझची जागा वर्षानुवर्षं पडून राहिली आणि शेवटी तिचं एकात्मिक औद्योगिक क्षेत्रात रूपांतर करावं लागलं. पेण तालुक्यातल्या २२ गावांनी तर सप्टेंबर २००८मध्ये महामुंबई सेझवर सार्वमत घ्यायला लावलं आणि तो प्रकल्प पुढे बारगळला. दास्तान फाट्याचा इतिहास ठाऊक असलेल्या टापूत १८९४चा कायदा पूर्वीसारखा वापरता आला नाही, असं मी म्हणेन.

आणि सिडको निवृत्तही झाली नाही. २०१३मध्ये विमानतळाभोवतीच्या 'नैना' क्षेत्राचं नियोजन तिच्याकडेच आलं. फक्त सूत्र बदलत गेलं. १९९०ला साडेबारा टक्के, २०१४ला विमानतळग्रस्तांसाठी साडेबावीस, नैनाच्या नगररचना परियोजनांमध्ये मूळ क्षेत्राच्या ४० टक्के अंतिम भूखंड. हा चढता क्रम कुठल्या अर्थमंत्र्याच्या भाषणात सापडत नाही, तो उरण-पनवेलच्या मोर्च्यांतून वाचावा लागतो. ऑक्टोबर २०२५मध्ये उद्घाटन झालेल्या विमानतळाला दि. बां.चं नाव द्यावं यासाठीही तीच माणसं, त्यांची मुलं-नातवंडं रस्त्यावर उतरली होती.

तुमच्यातले काही म्हणतील, एका वर्षावरून एवढं रान कशाला? कारण वर्ष बदललं की जबाबदार माणूस बदलतो. '१९९१ नंतर' लिहिलंत की शेतकऱ्याचं नुकसान बाजाराच्या खात्यावर पडतं आणि १९७०ला भाव गोठवणारं कल्याणकारी राज्य सहीसलामत सुटतं. उद्या कुणी हाच प्रबंध पुढे करून म्हणेल की सगळी जमीन परत सरकारी कंपनीच्या हातात द्या, प्रश्न मिटेल. ज्यांची जमीन एकदा तशी गेलीय त्यांच्यासमोर हे वाक्य वाचून दाखवायची माझी हिंमत होणार नाही.

सिनॉप्सिसचं मी काय केलं तेही सांगते. वर्ष काढून टाकलं आणि प्लॉट घेतला. एकेका भूखंडाच्या कागदांवरच्या तारखा ओळीने मांडायच्या : अधिसूचना, निवाडा, वाढीव मोबदल्याचा कोर्टातला दावा असेल तर त्याचा निकाल, पात्रता, वाटपपत्र, त्रिपक्षीय करार, भोगवटा प्रमाणपत्र. मग दोन तारखांमधलं अंतर मोजायचं आणि त्या अंतरात जमिनीचा भाव कुणी ठरवला ते विचारायचं. निवाड्यांसाठी भूसंपादनाचं मेट्रो सेंटर, कराराच्या नोंदींसाठी दुय्यम निबंधकाकडची सूची क्रमांक दोन, बाकीच्यासाठी माहितीचा अधिकार आणि भरपूर चहा. सातबारा आता ऑनलाइन दिसतो, पण जुने फेरफार बघायचे असतील तर तलाठी कार्यालयात जावं लागू शकतं. सकाळी जा, आणि गावातलं कुणीतरी जाणतं माणूस सोबत न्या. जुने सर्व्हे नंबर आणि आजचे सेक्टर यांचा मेळ कागदापेक्षा त्यांना जास्त पक्का माहीत असतो. अमुक इमारतीखाली कुणाचं खार होतं आणि बांध कुठून जायचा, हे ते उभ्या उभ्या बोटाने दाखवतात.